पानावर पीठ भुरभुरलेलं झुडूप: वाळवंटातल्या ब्रिटलबुशची माहिती, शाळकरी मुलांसाठी

सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई. ही नावं गावातल्या कुठल्याही पोराला विचारा, लगेच ओळखेल. बांधावरची एकदांडी, ओढ्याकडेचा माका आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माजलेलं गाजर गवत हेही सगळ्यांच्या ओळखीचं. पण ही सगळी मंडळी एकाच कुळातली आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसतं. शास्त्रज्ञ या कुळाला ॲस्टरेसी म्हणतात. मराठीत सूर्यफुलाचं कूळ म्हटलं तरी चालतं.

याच कुळातलं एक झुडूप सातासमुद्रापलीकडे अमेरिकेच्या वाळवंटात राहतं. त्याचं नाव ब्रिटलबुश. ब्रिटल म्हणजे ठिसूळ आणि बुश म्हणजे झुडूप. फांदी जरा वाकवली की काडकन मोडते, म्हणून हे नाव पडलं. शास्त्रीय नाव एन्सेलिया फॅरिनोसा. त्यातलं एन्सेलिया हे सोळाव्या शतकातल्या क्रिस्तोफ एन्त्सेल्ट नावाच्या जर्मन अभ्यासकावरून आलं. फॅरिनोसा हा शब्द मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. लॅटिन भाषेत फरिना म्हणजे पीठ. गिरणीत दळण दळणाऱ्या माणसाच्या अंगावर, भुवयांवर जसं पीठ बसतं, तसं या झुडपाचं प्रत्येक पान पांढुरकं दिसतं. ते पीठ नसतं, हे उघडच आहे. मग काय असतं, ते पुढे येईलच.

राहतं कुठे?

अमेरिकेच्या नैऋत्येला कॅलिफोर्निया, ॲरिझोना, नेवाडा, युटा ही राज्यं आहेत आणि त्यांच्या खाली मेक्सिको देश. या भागात सोनोरा आणि मोहावे अशी दोन मोठी वाळवंटं पसरली आहेत. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. इथे तसं नाही. इथे दगडगोट्यांचे उतार आहेत, मुरमाड माळ आहेत, काटेरी झुडपं आहेत आणि दोन-तीन मजली घराएवढे उंच निवडुंग आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या माळरानाची आठवण यावी असंच ते रान दिसतं.

पाऊस किती पडतो? ॲरिझोनातल्या टक्सन शहरात वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर. त्याच राज्यातल्या यूमा शहरात १०० मिलिमीटरसुद्धा नाही. आपल्या माण-आटपाडीकडची माणसं ४०० ते ५०० मिलिमीटरच्या पावसावर दुष्काळ दुष्काळ म्हणतात, ते खोटं नाही, पण त्यावरून यूमाची कल्पना करा. ऊन तर विचारूच नका. कॅलिफोर्नियात डेथ व्हॅली नावाची दरी आहे. तिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि जगातलं अधिकृत सर्वाधिक तापमान म्हणून ते आजही धरलं जातं. त्या दरीतही ब्रिटलबुश आहे.

एक गंमत म्हणजे ॲरिझोनात जुलै ते सप्टेंबर या काळात वादळी पाऊस येतो आणि तिथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. शिवाय हिवाळ्यात थोडा शांत, झिमझिम पाऊस पडतो. ब्रिटलबुशचा खरा भरवसा या हिवाळी पावसावर. बी त्यावर उगवतं, पानं त्यावर फुटतात. कडक थंडी मात्र या झुडपाला सोसत नाही. दव गोठलं की कोवळी फांदी जळते. म्हणून डोंगराच्या दक्षिण उतारावर, जिथे हिवाळ्यातही ऊन लागतं, तिथे ते जास्त सापडतं.

उंची गुडघ्याएवढी ते छातीएवढी. आकार गोल घुमटासारखा, जणू कुणी कात्रीने छाटून नीट केलंय.

एक फूल की शंभर फुलं?

फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत हे झुडूप फुलतं. पानांच्या घुमटातून बारीक उघडे दांडे वर येतात आणि त्यांच्या टोकाला पिवळी धमक फुलं लागतात. पाऊस चांगला झाला असेल तर अख्खा डोंगरउतार पिवळा होतो. फूल रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, ३ सेंटिमीटरच्या आसपास.

आता इथे फसगत आहे. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते खरं म्हणजे पुष्कळ फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल कुळाची हीच खूण. कडेला ज्या पिवळ्या पाकळ्या दिसतात, त्यातली एकेक पाकळी म्हणजे एकेक वेगळं फूल. मधल्या चकतीत बारीक बारीक नळीसारखी फुलं दाटीने बसलेली असतात. ब्रिटलबुशच्या कडेच्या फुलांना बी धरत नाही. त्यांचं काम जाहिरातीचं, म्हणजे लांबूनच मधमाशीला बोलवायचं. बी धरतं ते मधल्या फुलांना. काही ठिकाणी ही मधली चकती पिवळी असते, काही ठिकाणी तपकिरी-जांभळट.

हे पटत नसेल तर शेतातलं सूर्यफूल बघा. आधी घरच्यांना विचारा, नाहीतर ओरडा बसेल. पिकलेलं एक फूल घेऊन कडेच्या पाकळीच्या बुडाशी बी शोधा. भरलेलं बी मिळणार नाही. मग मधली चकती चोळा, हातात बियाच बिया येतील. ब्रिटलबुशचंही तसंच आहे, फक्त बी खूप लहान, चपटं आणि कडेला केसाळ. वारा आला की ते उडतं किंवा जमिनीवरून घरंगळत जातं.

पिठाचं गुपित

आता पानावर येऊ, कारण या झुडपाची खरी हुशारी पानातच आहे.

भिंगातून पाहिलं तर पानावर पीठ नसून लव दिसते. बारीक, पांढऱ्या, मेलेल्या केसांचा थर. केस आतून पोकळ झालेले, त्यात हवा भरलेली. त्यामुळे ऊन त्यावर पडलं की बरंचसं परत फिरतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरावर पांढरा रंग मारतात तो कशासाठी? डोक्याला पांढरा रुमाल का बांधतात? दुष्काळी भागात डाळिंबाच्या बागेवर केओलिनची पांढरी फवारणी का घेतात? उत्तर एकच, ऊन परतवायला. जे काम शेतकरी पंपाने करतो ते हे झुडूप स्वतःच्या केसांनी करतं.

पण थांबा. पानाला ऊन लागतंच की! उन्हाशिवाय पान अन्न कसं तयार करणार? प्रकाशसंश्लेषण शाळेत शिकवलंय ना. मग सगळंच ऊन परतवलं तर झाड उपाशी मरेल, आणि सगळंच घेतलं तर पान भाजून निघेल. झाडाला गारवा मिळवायचा दुसरा एक मार्ग असतो. पानाच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ सोडायची, जसा आपल्याला घाम येतो तसं. त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. पण त्याला पाणी खर्चावं लागतं, आणि वाळवंटात खर्चायला पाणी आणणार कुठून?

म्हणजे झुडपापुढे कायमचा हिशेब आहे: ऊन जास्त घ्यायचं की पाणी वाचवायचं. ब्रिटलबुश या हिशेबाचं उत्तर मोसम बघून बदलतं.

पाऊस झाला, जमिनीत ओल आहे, हवा थंड आहे, अशा वेळी जी पानं फुटतात ती मोठी आणि बरीचशी हिरवी असतात. त्यांच्यावर लव कमी. तेव्हा झुडूप भरपूर ऊन घेतं आणि भराभर अन्न करतं. पुढे ओल कमी होते, ऊन चढतं. तेव्हा जी नवी पानं येतात ती लहान, जाड आणि दाट लवेची. एकदा वाढलेलं पान आपली लव बदलू शकत नाही, म्हणून झुडूप जुनी मोठी पानं टाकून देतं आणि नवी लवदार पानं ठेवतं. एकाच झुडपाला मार्चमध्ये पाहिलं तर ते हिरवट-राखाडी दिसेल, जूनमध्ये पाहिलं तर पांढरं. अगदीच पाणी संपलं की तीही पानं गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. मेलं म्हणून सोडून द्यावं, तर पुढचा पाऊस पडल्यावर पुन्हा फुटतं.

हे नुसतं बघून सांगितलेलं नाही, मोजलेलं आहे. जेम्स एहलरिंगर, ओले ब्यॉर्कमन आणि हॅरल्ड मूनी या तीन शास्त्रज्ञांनी १९७६ साली सायन्स या नियतकालिकात याचा अभ्यास छापला. त्यांनी ब्रिटलबुशची तुलना त्याच्याच एका चुलत भावाशी केली. हा भाऊ कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनारी राहतो, तिथे हवा दमट आहे, म्हणून त्याच्या पानावर लव नाही, पान हिरवंगार. त्याच्यापेक्षा ब्रिटलबुशचं लवदार पान ५६ टक्क्यांपर्यंत कमी प्रकाश शोषतं असं आढळलं. त्यामुळे पान गार राहतं, पण अन्न तयार करण्याचा वेगही खूप घटतो. फुकट काहीच मिळत नाही. किनाऱ्यावरच्या भावाला वाळवंटात आणून लावलं तर तो भाजेल, आणि वाळवंटातल्याला किनाऱ्यावरच्या ढगाळ हवेत नेलं तर लवेमुळे त्याचं पोट पुरेसं भरणार नाही.

आपल्याकडे असं काही बघायचं असेल तर रुईचं कोवळं पान बोटाने पुसून बघा. त्यावरही पांढरी भुकटीसारखी लव असते. फक्त चीक डोळ्याला लागू देऊ नका.

खाली दुसरं काही उगवू नये म्हणून?

निलगिरीखाली गवत धरत नाही अशी तक्रार आपण ऐकतो. ब्रिटलबुशबद्दलही तसं बोललं जातं. १९४८ मध्ये रीड ग्रे आणि जेम्स बॉनर या दोघांनी त्याच्या पानांतून एक रसायन वेगळं काढलं आणि त्याने टोमॅटोच्या रोपांची वाढ खुंटते असं दाखवलं. पुढच्या अभ्यासकांनी मात्र उघड्या माळावर त्याचा तेवढा परिणाम होतो का याविषयी शंका घेतली. कुंडीतला निकाल आणि रानातला निकाल यांत फरक पडतो, हे खतांच्या दुकानातली जाहिरात वाचून पेरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

डिंक, धूप आणि दातांची काडी

फांदीला चीर पडली की त्यातून पिवळसर राळ पाझरते. आपल्याकडे जसा बाभळीचा, धावड्याचा डिंक निघतो, साधारण तसंच. स्पॅनिश पाद्री त्या मुलखात आले तेव्हा त्यांनी ही राळ चर्चमध्ये धूप म्हणून जाळली. म्हणून स्पॅनिशमध्ये या झुडपाला इन्सिएन्सो म्हणतात, त्याचा अर्थच धूप.

पाद्री येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या मूळ लोकांना याचे उपयोग माहीत होते. मेक्सिकोच्या सोनोरा किनाऱ्यावर सेरी नावाचे लोक राहतात. ते मासे आणि समुद्री कासवं मारायचे. भाल्याचं टोक काठीला पक्कं बसवायला आणि मातीच्या भांड्यातून पाणी झिरपू नये म्हणून ते ही राळ वापरायचे. ओओधाम लोक बाणाचं टोक चिकटवायला वापरायचे. कॅलिफोर्नियातले काविया लोक राळ गरम करून दुखऱ्या छातीवर लावायचे. सेरी लोकांत दाढ दुखली, दात हलायला लागला, तर काडी सोलून, राखेत गरम करून दाताखाली धरायची पद्धत होती. तिकडचे गुराखी काडीने दात घासत असंही सांगतात, आपल्या बाभळीच्या काडीसारखं.

मुलांनी एवढं लक्षात ठेवावं की हे त्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. मोबाईलवर वाचून माळावरच्या कुठल्याही झुडपाची काडी तोंडात घालायची नाही.

या झुडपावर आणखीही बरेच जण जगतात. रानमेंढ्या आणि हरणं पाला खातात. कांगारू रॅट नावाचा उड्या मारणारा छोटा उंदरासारखा प्राणी बिया गोळा करतो. एका जातीचा भुंगा तर खास याच्यावरच असतो. त्याच्या निळसर-हिरव्या चकचकीत अळ्या एखाद्या वर्षी एवढ्या होतात की झुडूप पार ओरबाडून टाकतात. फवारायला कुणी येत नाही. पुढच्या पावसात झुडूप पुन्हा पालवतं.

आपलं अंजन गवत तिकडे कसं माजलं

आता वाचाल ते जनावरं सांभाळणाऱ्या घरातल्या मुलांना नवलाचं वाटेल.

अंजन गवत आपल्याकडे चांगलं वैरणीचं गवत. (अंजन नावाचं झाडही आहे, ते वेगळं.) कमी पावसात तग धरतं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं, जनावर आवडीने खातं. कोल्ह्याच्या शेपटीसारखा केसाळ तुरा येतो. पडीक रानात ते मुद्दाम पेरतात. हे गवत मुळात आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातलं. अमेरिकेत त्याला बफेलग्रास म्हणतात. तिकडे पेरलेलं बी मुख्यतः आफ्रिकेतून नेलेलं, पण जात हीच.

अमेरिकेच्या सरकारी मृदसंधारण खात्याने १९३० च्या दशकापासून हे गवत ॲरिझोनात आणून पाहिलं. हेतू चांगलाच होता: माती वाहून जाऊ नये आणि गुरांना चारा व्हावा. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात तर रान साफ करून त्याची मोठमोठी कुरणं केली. मग गवत कुरणाबाहेर पडलं. रस्त्याच्या कडेने गेलं, डोंगरावर चढलं. आणि त्याने नेमके तेच उतार धरले जिथे ब्रिटलबुश राहतं, कारण दोघांनाही दक्षिणेकडचा उबदार खडकाळ उतार आवडतो.

यात बिघडलं काय? वणवा.

त्या वाळवंटात झुडपं एकमेकांपासून लांब लांब असतात. मधे मोकळी जमीन. वीज पडून एखादं झुडूप पेटलं तरी आग तिथेच विझायची, जशी वनखात्याने काढलेल्या जाळरेषेवर विझते. ती मोकळी जमीन ही वाळवंटाची स्वतःची जाळरेषाच होती. अंजन गवताने नेमकी ती भरून टाकली. उन्हाळ्यात गवत वाळून उभं राहतं आणि ठिणगी पडली की आग एका झुडपाकडून दुसऱ्याकडे पळत सुटते. गवताचं बुड जमिनीत जिवंत असतं, ते पुन्हा फुटतं. आपल्याकडे डोंगर पेटवून दिला की गवत चांगलं येतं म्हणतात ना, तशातलाच प्रकार. पण तिथल्या बाकीच्या झाडांना आगीची सवयच नाही.

ब्रिटलबुश आगीत मरतं. त्याची फांदी राळेने भरलेली, त्यामुळे चांगलं पेटतं. तरी त्याचं एक बरं आहे. बी वाऱ्याने येतं, झुडूप लवकर वाढतं, त्यामुळे जळलेल्या उतारावर ते पुन्हा दिसू लागतं, गवताने जागा ठेवली असेल तर. सग्वारो नावाच्या मोठ्या निवडुंगाचं तसं नाही. त्याचं रोप पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतं. पहिला हात फुटायला टक्सनच्या भागात ५० ते ७५ वर्षं लागतात. असा निवडुंग एका वणव्यात गेला तर आजच्या पोरांचे नातू म्हातारे होतील तेव्हा कुठे त्या जागी दुसरा उभा राहील.

२००५ मध्ये ॲरिझोना राज्याने हे गवत घातक तणांच्या यादीत टाकलं. टक्सनजवळ सग्वारो राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे लोक सुट्टीच्या दिवशी पहारी, कुदळी घेऊन डोंगरावर जातात आणि गवताचे ठोंब मुळासकट उपटतात. शाळा-कॉलेजची मुलंही असतात. तणनाशक फक्त गवत हिरवं असताना लागू पडतं, आणि ते हिरवं असतं पावसाळ्यातले काही आठवडे. बाकी वर्षभर हातानेच.

उलट्या दिशेने गाजर गवत आलं. तेही सूर्यफूल कुळातलं, म्हणजे ब्रिटलबुशचं नातलग, आणि मूळचं अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात ते पुण्यात दिसल्याची नोंद आहे, आणि तिथून पुढे त्याने काय केलं ते सांगायला नको. तिकडे त्याला खाणारे किडे होते, इथे नव्हते. १९८० च्या दशकात मेक्सिकोहून भुंगा आणून सोडावा लागला. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानावर पांढरट, काळ्या रेघांचा लहान भुंगा दिसतो तो हाच. त्याला मारू नका.

इथे लावता येईल का?

फोटो पाहून कुणीतरी हे विचारणारच. झुडूप दिसायला सुरेख आहे, पाणी कमी लागतं, ॲरिझोनात लोक अंगणात आणि रस्त्यांच्या कडेला ते मुद्दाम लावतात. पण त्याला हिवाळी पाऊस आणि निचऱ्याची खडकाळ जमीन लागते. आपल्या काळ्या रानात पावसाळ्याचे चार महिने मुळाशी पाणी राहिलं तर ते कुजेल. आणि समजा जगलंच, तर गाजर गवताचा अनुभव गाठीशी असताना परदेशातलं बी ऑनलाइन मागवून माळावर टाकायची हौस कुणी करू नये. परदेशी बी आणायला सरकारी परवानगी लागते, ती उगीच नाही.

या कुळाचा पिवळा डोंगर बघायचा असेल तर भाद्रपदात सह्याद्रीच्या पठारावर जावं. कास, पुरंदर, हरिश्चंद्रगड, कुठेही. तिथे सोनकी फुललेली असते. तिचं एक फूल हातात घेऊन मोजा, कडेला पिवळ्या पाकळ्या किती आणि मधे बारीक फुलं किती.